घराचा मुनीम घरातच बसावा

खाली पेढी, वर घर, मागच्या अंगाला गोदाम आणि माथ्यावर गच्ची, ही खानदेशातील व्यापारी कुटुंबांची जुनी वास्तुरचना नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर येथे अजूनही पुष्कळ ठिकाणी पाहावयास मिळते. भिंती जाड, जिना लाकडी, वायरिंग कोणत्या साली केले ते कोणालाच आठवत नाही. अशा घरांत अलीकडे नव्या वस्तूंचा शिरकाव झाला आहे. लग्नाच्या आहेरात आलेला रंग बदलणारा दिवा, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने बसवून दिलेला मोबाइलवर चालणारा प्लग, दाराशी कॅमेऱ्याची घंटा, वरच्या मजल्यावर वाय-फायचा एसी. प्रत्येक वस्तूचे ॲप निराळे, खाते निराळे, पासवर्ड निराळा. घरातील सून पाच ॲप सांभाळते. सासूबाई मात्र भिंतीवरचे बटण दाबून मोकळ्या होतात, आणि बहुतेक वेळा त्यांचेच काम आधी होते.

या वस्तूंची खरी परीक्षा इंटरनेट बंद पडल्यावर होते. रस्त्याच्या खोदकामात फायबरची तार तुटते आणि दिवा मोबाइलचे ऐकेनासा होतो. वीज आहे, दिवा धड आहे, राउटर चालू आहे, मोबाइल हातात आहे. तरीही दहा फुटांवरचा दिवा लागत नाही. याचे कारण असे की, मोबाइलवरून दिलेली आज्ञा त्या दिव्याकडे थेट कधी जातच नव्हती. ती आधी मुंबई, सिंगापूर किंवा अमेरिकेतील कंपनीच्या सर्व्हरकडे जात होती आणि तेथून फिरून घरात येत होती. शेजारच्या खोलीतील माणसाला हाक मारण्यासाठी मुंबईला ट्रंक कॉल लावावा, तशातला हा प्रकार होय.

यावर जो उपाय जगभर पुढे आला आहे, त्याचे नाव स्थानिक स्मार्ट होम हब. तळहातावर मावेल एवढी ही पेटी. तिच्यात एक छोटा संगणक असतो आणि निरनिराळ्या जातींच्या बिनतारी लहरींवर बोलू शकणारे दोन, चार, क्वचित सहा रेडिओ असतात. दिवा, पंखा, पाण्याचा पंप, दाराचा सेन्सर, गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र, या सर्वांचा संबंध या पेटीशी. कोणत्या वेळी काय चालू व्हावे, काय घडल्यावर घंटा वाजावी, याचे नियम पेटीतच लिहिलेले असतात आणि त्यांची अंमलबजावणीही पेटीतच होते. 'स्थानिक' या शब्दाचे सारे महत्त्व येथे आहे. मुनीम घरात बसलेला आहे. प्रत्येक नोंदीसाठी परगावी विचारायला जात नाही.

'लिंक नाही, उद्या या'

व्यापारी वर्गाला ही गोष्ट समजावून सांगण्यासाठी दूरचे उदाहरण घेण्याचे कारण नाही. बँकांचे खातेवहीचे काम एके काळी त्या त्या शाखेतच चाले. जाडजूड लेजर शाखेत, सही तपासणारा कारकून शाखेत, पैसे शाखेत. पुढे शाखांत यंत्रे आली, तीही प्रथम आपापल्या शाखेपुरतीच हिशेब ठेवत. त्यानंतर कोअर बँकिंग आले आणि सर्व शाखांची खाती एका मध्यवर्ती केंद्रात गेली. त्यामुळे नंदुरबारचा खातेदार सुरतेत पैसे काढू लागला, ही सोय लहान नव्हती. पण तिच्याबरोबर एक नवे वाक्यही आले: 'लिंक नाही, उद्या या.' धडगाव, अक्कलकुवा या भागांत त्या वाक्याने किती हेलपाटे घडवले, हे तेथील दुकानदारांस विचारावे.

बँकेच्या बाबतीत मध्यवर्ती हिशेब अपरिहार्य आहे. एकच रक्कम दोन शाखांतून दोनदा निघू नये, यासाठी खाते एकाच जागी असावे लागते. स्वयंपाकघरातील दिव्याला अशी कोणतीही अडचण नाही. तो सुरतेत लावायचा नाही, मुंबईत विझवायचा नाही. त्याचा सारा व्यवहार त्याच छपराखाली होतो. मग त्याची खातेवही हजारो मैलांवर कशासाठी? याचे उत्तर ग्राहकाच्या सोयीत थोडे आणि कंपनीच्या सोयीत अधिक सापडते. स्वस्त वस्तूत बुद्धी कमी ठेवायची आणि ती सर्व्हरवर ठेवायची, म्हणजे वस्तूचा उत्पादनखर्च घटतो. शिवाय ग्राहक कायमचा बांधलेला राहतो.

२० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील ॲमेझॉनच्या सर्व्हर-केंद्रांत बिघाड झाला. त्या दिवशी अनेक देशांत ॲलेक्साने उत्तर देणे थांबवले आणि रिंग कंपनीच्या दारावरच्या घंटा मुक्या झाल्या. ज्यांच्या घरातील नियम घरातच लिहिलेले होते, त्यांच्या घरातील दिवे त्या संध्याकाळीही नेहमीच्या वेळी लागले.

लहरींच्या जाती

हबमध्ये इतके रेडिओ कशासाठी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. बिनतारी संदेशाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींआडून अदृश्य लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. आजची दारावरची बिनतारी घंटा तत्त्वतः तेच करते. मात्र बोसांची यंत्रणा एक होती; आज घरगुती वस्तूंच्या बाजारात निदान सहा-सात रीती शेजारी-शेजारी नांदत आहेत. यंत्रांनी परस्परांशी बोलण्याच्या अशा ठरीव रीतीला प्रोटोकॉल म्हणतात.

वाय-फाय सर्वांच्या परिचयाचे. ते चित्र, चित्रपट, व्हिडिओ कॉल यांसाठी उत्तम. पण वीज फार खाते. दाराला लावलेला बटणसेलवरचा सेन्सर वाय-फायवर चालवला, तर सेल बदलता बदलता मनुष्य थकेल. म्हणून झिगबी आले. २००२ साली स्थापन झालेल्या कंपन्यांच्या संघाने ते पुढे आणले. त्याचा वेग वाय-फायच्या तुलनेत नगण्य, सेकंदाला २५० किलोबिट. पण 'दार उघडले' एवढेच सांगायला वेग हवा कोणाला? अशा सेन्सरचा सेल वर्ष-दोन वर्षे सहज पुरतो. झिगबीचा दुसरा गुण म्हणजे जाळे. विजेवर चालणारे प्रत्येक झिगबी उपकरण शेजारच्या उपकरणाचा निरोप पुढे पोहोचवते. तळमजल्यावरचा प्लग जिन्यातील दिव्याला सांगतो, जिन्यातील दिवा गच्चीवरील टाकीच्या सेन्सरचे ऐकतो. पेढीवरून पेढीवर हुंडी जावी, तसा निरोप फिरतो. सेलवरची उपकरणे मात्र दुसऱ्याचे ओझे वाहत नाहीत, त्यांचे आपल्यापुरते. म्हणून लांबट घरात हबपासून गच्चीपर्यंत विजेवरची दोन-तीन उपकरणे वाटेत असणे आवश्यक असते.

झेड-वेव्ह ही रीत डेन्मार्कमधील झेन्सिस कंपनीने १९९९ मध्ये सुरू केली. वाय-फाय आणि झिगबी दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या गर्दीत असतात. झेड-वेव्ह त्याहून खालच्या पट्ट्यात. भारतात तिची जागा ८६५.२ मेगाहर्ट्झ. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, तर ८६५ मेगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे ३५ सेंटिमीटर. लांब लहर जाड भिंतीतून अधिक सहजपणे पार होते. जुन्या घरांच्या हातभर रुंद भिंतींसाठी हा गुण मोलाचा.

येथे परदेशी नातेवाइकांच्या प्रेमाविषयी एक सावधगिरीची सूचना करणे भाग आहे. झेड-वेव्हची लहर देशपरत्वे निराळी असते: अमेरिकेत ९०८.४, युरोपात ८६८.४, भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झ. न्यू जर्सीहून पुतण्याने हौसेने आणलेले झेड-वेव्हचे कुलूप येथील हबशी एक शब्दही बोलणार नाही. आणि ते तिकडच्याच हबवर चालवावे म्हटले, तर आपल्याकडे विनापरवाना वापरास खुल्या असलेल्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याबाहेर जाऊन कायद्याचा भंग होतो. झिगबीची २.४ गिगाहर्ट्झची वस्तू मात्र लहरींच्या दृष्टीने कोठूनही आणलेली चालते.

यांखेरीज ब्लूटूथ आहे, गेटच्या रिमोटची ४३३ मेगाहर्ट्झची लहर आहे आणि एसीच्या रिमोटचा अवरक्त प्रकाश आहे. अवरक्त किरण भिंतीपलीकडे जात नाहीत, म्हणून ज्या खोलीत एसी त्याच खोलीत ते फेकणारे यंत्र लागते. २०१४ मध्ये थ्रेड नावाची आणखी एक रीत निघाली. ती झिगबीच्याच लहरींवर चालते. मात्र तिच्यात प्रत्येक उपकरणाला इंटरनेटच्या धर्तीचा स्वतंत्र पत्ता मिळतो.

इतक्या भाषा झाल्या की दुभाषी लागतोच. हब हा दुभाषी. झिगबीचा सेन्सर झेड-वेव्हच्या बटणाला ओळखत नाही. हब दोघांना ओळखतो. पण त्याहून चांगली गोष्ट म्हणजे सर्वांनी एक व्यवहारभाषा स्वीकारणे. ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि झिगबीचा संघ यांनी डिसेंबर २०१९ मध्ये तसा संकल्प जाहीर केला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये 'मॅटर' या नावाने त्याची पहिली आवृत्ती आली. मॅटर म्हणजे काय, हे दुकानदाराला एका शब्दात सांगता येते: यूपीआय. एप्रिल २०१६ पूर्वी प्रत्येक वॉलेटचा कारभार आपल्यापुरता होता. यूपीआय आल्यावर ग्राहकाचे ॲप कोणते आणि दुकानदाराची बँक कोणती, हा प्रश्नच उरला नाही. मॅटरचे चिन्ह असलेला दिवा कोणत्याही मॅटर हबवर चालावा, हा उद्देश तोच. शिवाय मॅटरची आज्ञा घरातल्या घरात दिली जावी, असे मूळ रचनेतच ठरवले आहे. अजून सर्व प्रकारच्या वस्तू त्यात नीट सामावलेल्या नाहीत. म्हणून आज तरी केवळ मॅटरच्या भरवशावर न राहता अनेक रेडिओंचा हब घेणेच व्यवहार्य आहे.

आजन्म सेवेची किंमत

अमेरिकेत २०१३ च्या अखेरीस रिव्हॉल्व्ह नावाचा एक हब बाजारात आला. त्यात सात रेडिओ होते आणि किंमत सुमारे ३०० डॉलर. सेवा आजन्म मिळेल, असे आश्वासन होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये गूगलच्या मालकीच्या नेस्ट कंपनीने रिव्हॉल्व्ह विकत घेतली आणि १५ मे २०१६ रोजी तिचे सर्व्हर बंद केले. त्या दिवसापासून सात रेडिओंची ती पेटी कागदावर ठेवायच्या वजनाच्या कामाची उरली. यंत्र मोडले नव्हते, रेडिओ शाबूत होते. फक्त त्यांना आज्ञा देणारी बुद्धी परक्या घरी होती आणि त्या घराने दार लावून घेतले.

विंक या दुसऱ्या कंपनीने मे २०२० मध्ये ग्राहकांना कळवले की, आता महिन्याला ४.९९ डॉलर द्यावे लागतील, अन्यथा सेवा बंद. विचार करायला सुमारे आठवडा. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर तर कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडले. पुढे जूनमध्ये तिच्याच काही ग्राहकांनी एकत्र येऊन ती विकत घेतली व सेवा पुन्हा सुरू केली, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. मधल्या काळात ज्यांनी आपली इन्स्टिऑनची उपकरणे घरातील स्वतंत्र संगणकाशी जोडून घेतली होती, त्यांचे काम फारसे अडले नाही.

आगाऊ पैसे देऊन 'लाइफटाइम' सेवा घेणे म्हणजे त्या कंपनीला विनातारण कर्ज देणे होय. व्यापारी मनुष्य अनोळखी आडत्याला विनातारण उधारी देताना दहा वेळा विचार करतो. पण त्याच्याच घरात पाच-पाच कंपन्यांची अशी उधारी चालू असते. स्थानिक हब ही उधारी शून्यावर आणत नाही. पण मर्यादित करतो. कंपनी उद्या बुडाली, तरी आज चालू असलेले नियम चालत राहतात.

या पद्धतीचे सर्वांत मोठे काम नेदरलँड्सच्या पाउलस स्खाउटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'होम असिस्टंट' या मुक्त संगणकप्रणालीचे आहे. ती कोणालाही विनामूल्य मिळते, लहानशा संगणकावर चालते. २०२३ मध्ये तिच्यासाठी 'ग्रीन' नावाची तयार पेटी आली, आणि २०२४ पासून तिचा कारभार एका ना-नफा प्रतिष्ठानाकडे आहे. त्यामुळे कोणी ती विकत घेऊन बंद करील, ही भीती उरलेली नाही. ग्रीनमध्ये झिगबीचा रेडिओ अंगचा नसतो. तो यूएसबीवर वेगळा लावावा लागतो. नेदरलँड्सचीच ॲथम ही कंपनी 'होमी' नावाचा हब बनवते. तो वापरायला सोपा आणि रेडिओंच्या बाबतीत उदार; मात्र २०२४ मध्ये कोरियाच्या एलजी कंपनीने तिचा ऐंशी टक्के हिस्सा घेतला. रिव्हॉल्व्हची कथा लक्षात ठेवून हा तपशीलही ध्यानात असावा. ज्या घरात संगणकाची आवड असलेला तरुण आहे त्याने पहिला मार्ग घ्यावा, ज्या घरात नाही त्याने दुसरा.

रोजमेळ कोणाकडे

दिवा लागला नाही, तर उठून बटण दाबता येते. त्याहून गंभीर प्रश्न नोंदींचा आहे. हबशी जोडलेले घर दिवसभर आपला रोजमेळ लिहीत असते. पहाटे कोण किती वाजता उठले, दार केव्हा उघडले, घर किती तास रिकामे होते, तिजोरीच्या खोलीत शेवटचा दिवा केव्हा लागला. हा रोजमेळ चोराच्या हाती पडला तर काय, हे सांगावयास नको. आणि तो जाहिरातदाराच्या हाती पडला, तर तोटा दिसत नाही एवढेच.

नंदुरबार जिल्ह्याला या प्रश्नाची एक ऐतिहासिक बाजूही आहे. देशातील पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावात देण्यात आले. त्या योजनेविरुद्ध निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच खटल्यातून २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. हा कायदा कंपन्यांवर बंधने घालतो. परंतु व्यक्तीने घरगुती कामासाठी ठेवलेल्या नोंदी त्याच्या कक्षेबाहेर आहेत. म्हणजे घरातला रोजमेळ घरात राहिला, तर त्याचा सांभाळ ही घराचीच जबाबदारी.

ही जबाबदारी वाटते तितकी सोपी नाही. मुले सुरतेत, पुण्यात; वडील एकटे नंदुरबारला, असे चित्र आता अनेक घरांत आहे. वडील गाव सोडायला तयार नसतात, कारण बाजार समितीतील ओळखी, सकाळचे देवदर्शन आणि ओट्यावरच्या गप्पा सुरतेच्या सदनिकेत मिळत नाहीत. अशा घरात हब खरोखर उपयोगी पडतो. रात्री उठल्यावर पलंगाजवळचा सेन्सर पॅसेजमधील मंद दिवा लावतो. अंधारात चाचपडत जाऊन पडणे टळते. सकाळी नऊपर्यंत स्वयंपाकघराचे दार उघडले नाही, तर शेजारच्या पुतण्याच्या मोबाइलवर संदेश जातो. यासाठी कॅमेरा लागत नाही, आणि तो नसावाच. वडिलांच्या खोलीत कॅमेरा बसवून मुलांनी ऑफिसातून पाहत राहणे ही काळजी असली, तरी तिच्यात पाळत मिसळलेली असते. स्नानगृहात किती वेळ लागला, रात्री कितीदा उठले, हे दूरच्या मुलाला कळावे की नाही, हे वडिलांना विचारून ठरवावे. कायदा येथे बोलत नाही. म्हणूनच हबवर नियम लिहिण्यापूर्वी वडिलांसमवेत बसून ते वाचून दाखवावेत. त्यांनी एखादा नियम काढायला सांगितला, तर तो निमूटपणे काढावा.

जैन घरांना स्थानिक हबचा आणखी एक उपयोग आहे आणि तो अगदी साधा आहे. चौविहार सूर्यास्ताशी बांधलेला, नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांशी. सूर्यास्ताची वेळ नंदुरबारला वर्षभरात दीड तासाच्या आसपास पुढेमागे होते. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, नंदुरबार सुमारे सव्वाचौऱ्याहत्तर अंशांवर. म्हणजे येथील सूर्य घड्याळाच्या जवळजवळ ३३ मिनिटे मागे चालतो. मुंबईसाठी छापलेली वेळही येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. ऋतूनुसार काही मिनिटांचा फरक राहतो. हबला घराचे अक्षांश-रेखांश एकदा दिले की तो रोजची वेळ स्वतःच काढतो, त्यासाठी इंटरनेटची गरज नाही. सूर्यास्तापूर्वी अर्धा तास स्वयंपाकघरात एक मृदू घंटा वाजली, तर पेढीवर गुंतलेल्या माणसालाही हाक ऐकू येते.

गोदामात आर्द्रता मोजणारा सेन्सर ठेवल्यास धान्याला किंवा सुक्या मिरचीला ओल लागण्याची सूचना वेळेवर मिळते. गावाबाहेरच्या मिरचीच्या पथाऱ्यांपर्यंत मात्र घरातील हबची मजल जात नाही. तेथे लोरा नावाची, याच ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कित्येक किलोमीटर जाणारी निराळी यंत्रणा लागते. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

मुनिमाचे दोष

हब विकणारे वीजबचतीचा मोठा गाजावाजा करतात. तो पारखून घ्यावा. हब स्वतः पाच वॅट घेतो असे धरले, तर वर्षाला सुमारे ४४ युनिट तोच खातो. जुना पंखा ७५ वॅटचा. ॲटमबर्गसारख्या कंपन्यांचे बीएलडीसी पंखे पूर्ण वेगात २८ वॅटच्या आसपास चालतात. रोज बारा तासांत अर्ध्या युनिटाहून अधिक बचत होते. पण ती पंख्याची आहे, हबची नव्हे. हबवर खर्च करायचा तो सुरक्षिततेसाठी आणि सोयीसाठी. वीजबिल कमी करायचे, तर आधी पंखे बदलावेत.

दुसरा दोष जुन्या मुनिमांच्या ओळखीचा आहे. वही पेढीवरच असे, पण तिची लिपी आणि खुणा मुनिमालाच ठाऊक. तो आजारी पडला की मालकालाही येणे-देणे कळेना. घरातील हब ज्या मुलाने बसवला तो नोकरीसाठी बाहेर गेला आणि पासवर्ड त्याच्याच डोक्यात राहिला, तर अवस्था तीच. पासवर्ड, नियमांची यादी आणि कोणत्या बोर्डामागे कोणते मॉड्यूल बसवले आहे याची नोंद कागदावर लिहून ज्या पाकिटात मुदतठेवीच्या पावत्या व नामनिर्देशनाचे कागद असतात, त्यातच ठेवावी. हबमधील नियमांची प्रत दरमहा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी. ही पेटीही शेवटी यंत्रच. विजेच्या एका लोळाने जळू शकते.

बसवताना वायरमनला दोन गोष्टी निक्षून सांगाव्यात. भिंतीवरचे बटण काढायचे नाही. मॉड्यूल बटणामागे बसवायचे, म्हणजे हब बंद असला तरी बटण आपले काम करील. आणि बोर्डात न्यूट्रल तार आहे की नाही, हे आधी तपासायचे. केवळ दिव्यांच्या जुन्या बोर्डांत ती पुष्कळदा नसते. हब लोखंडी कपाटात किंवा तिजोरीशेजारी ठेवू नये, पोलाद लहरी अडवते. राउटरला चिकटूनही ठेवू नये, कारण वाय-फाय आणि झिगबी एकाच पट्ट्यात एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. चार-पाच फुटांचे अंतर पुरे. हब आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या यूपीएसवर असावेत. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने त्याचा सेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवर लावावा. पुष्कळ घरांत तो छताजवळ लावलेला आढळतो, तेथे तो उशिराच जागा होतो. मुख्य दाराला बिनतारी कुलूप लावले, तरी किल्लीचे कुलूप काढू नये.

घराबाहेरून हब पाहायचा असेल, तर इंटरनेट लागणारच. बोलून आज्ञा देण्याच्या बहुतेक सोयीही अजून इंटरनेटवर अवलंबून आहेत. त्या सोयी असाव्यात, पण घराचे चालणे त्यांच्यावर टेकलेले नसावे.

खरेदीच्या वेळी दुकानदार मोठ्या पडद्यावर रंगीत ॲप दाखवतो. ते पाहून झाल्यावर त्याला विचारावे की, यातील कोणते रेडिओ भारताच्या लहरींचे आहेत, आणि पेटीला दूरसंचार खात्याच्या बिनतारी शाखेची मान्यता आहे काय. मग त्याच्या राउटरमध्ये बाहेरून येणारी इंटरनेटची तार त्याच्यासमोर काढायला सांगावी आणि हबला जोडलेला दिवा पुन्हा लावून दाखवायला सांगावे. दिवा लागला, तर किमतीची बोलणी सुरू करावीत.